पेनसिल्व्हेनियात अस्वलाची पहिली शिकार: आधी परवाना, मग बंदूक

प्रश्न: मी हॅरिसबर्गजवळ राहतो. वय ३६, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर पाच वर्षं झाली. ऑफिसातले चौघे दर नोव्हेंबरला उत्तरेकडच्या डोंगरात काळ्या अस्वलाच्या शिकारीला जातात, यंदा मलाही चल म्हणतायत. मी आयुष्यात कधी बंदूक हातात धरलेली नाही. एक जण त्याची जास्तीची रायफल देतो म्हणतो. व्हिसावर असताना हे चालतं का? बंदूक कोणती असावी, गोळी नेमकी कुठे मारायची? आणि अस्वल मिळालंच, तर ते मटण खाता येतं का? बायको म्हणते, घरात आणायचं असेल तर आधी कुणा जाणकाराला विचार.

उत्तर: बायकोचं ऐकलंत ते बरं केलंत. मटणाचा प्रश्न तुम्ही शेवटी टाकलाय, पण धोका तिथेच जास्त आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो. त्याआधी कायदा, कारण तिथे पाय घसरला तर अस्वल बाजूलाच राहील आणि तुम्हालाच हा देश सोडावा लागेल.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे एच-१बी, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगणं गुन्हा आहे. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही. तुमच्यासारख्यांसाठी काही मोजके अपवाद आहेत, त्यातला कामाचा एकच: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना तुमच्या नावावर हवा. ‘जवळ बाळगणं’ म्हणजे फक्त विकत घेणं नव्हे. मित्राची रायफल रेंजवर नेऊन दोन बार काढणं हेसुद्धा त्यात येतं. म्हणून परवाना हातात पडेपर्यंत त्या रायफलला हात लावू नका, ‘नुसती बघ तर’ म्हणून कुणी पुढे केली तरीही.

परवान्याचा रस्ता सरळ आहे. आधी पेनसिल्व्हेनिया गेम कमिशनचा, म्हणजे शिकारीचं काम पाहणाऱ्या राज्याच्या खात्याचा, ‘हंटर-ट्रॅपर एज्युकेशन’ हा अभ्यासक्रम. पहिल्यांदा परवाना काढणाऱ्या प्रत्येकाला तो सक्तीचा आहे. तो ऑगस्टच्या आत उरका, सप्टेंबरनंतर वर्ग भराभर भरतात. त्या प्रमाणपत्रावर सर्वसाधारण शिकारीचा परवाना मिळतो, आणि त्याच्या जोडीला अस्वलाचा वेगळा परवाना घ्यावा लागतो. नुसत्या सर्वसाधारण परवान्यावर अस्वल मारता येत नाही. हंगाम तोंडावर येईपर्यंत थांबू नका, दोन्ही परवाने एकदमच घेऊन टाका. दुकानातून बंदूक घेणार असाल तर बंदूक खरेदीचा केंद्रीय फॉर्म ४४७३ भरताना हा परवाना दाखवावा लागेल.

इथे दोन खाचखळगे आहेत, आणि बरेच जण नेमके तिथेच पडतात. पहिला तारखेचा. पेनसिल्व्हेनियाचं शिकारीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. परवाना ३० जूनला संपला, तुम्ही नवा काढला नाही, आणि रायफल कपाटातच आहे, तर १ जुलैच्या सकाळपासून तुम्ही कायदा मोडताय. दुसरा घरातला. बायको एच-४ वर, म्हणजे तुमच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या जोडीदाराच्या व्हिसावर असेल आणि तिच्याकडे परवाना नसेल, तर तिला बंदी तशीच लागू आहे. तेव्हा बंदुकीची तिजोरी वेगळी घ्या आणि तिची किल्ली किंवा आकडे फक्त तुमच्यापाशी ठेवा. ग्रीन कार्डचा अर्ज चालू असेल तर इमिग्रेशन वकिलाचा एक तास विकत घ्या. तो खर्च वाया जात नाही.

आता अपेक्षांचं. २०१९ हे पेनसिल्व्हेनियातलं अस्वलाच्या शिकारीचं विक्रमी वर्ष. त्या वर्षी ४,६५३ अस्वलं मारली गेली, आणि परवाने घेतलेले लोक होते दोन लाखांवर. म्हणजे विक्रमी वर्षातही शंभरातले सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव जण रिकाम्या हाताने परतले. त्यामुळे पहिल्या वर्षी अस्वल दिसलं तरी पुष्कळ झालं असं धरून चला. मचाणावर अधीर झालेला माणूस चुकीच्या वेळी चाप ओढतो, म्हणून हे आधीच सांगतोय.

इंटरनेटवर मेन, मिनेसोटा ही राज्यं किंवा कॅनडातल्या ओंटारिओतले व्हिडिओ पाहिलेत तर पिंपात शिळे डोनट आणि मका भरून अस्वलाला बोलावताना दिसतील. तिथे ते नियमांत बसतं. पेनसिल्व्हेनियात आमिषही चालत नाही आणि अस्वलामागे कुत्रे सोडणंही चालत नाही. आमिष उचलून नेलं तरी ती जागा पुढचे तीस दिवस आमिषाचीच धरली जाते. म्हणून मचाणाखाली सफरचंदाचे गाभे टाकण्याची सवयसुद्धा नको.

आमिष नाही म्हटल्यावर अस्वल खातं काय, हे शोधायचं. शरद ऋतूत ते दिवसाला वीस हजार कॅलरींपर्यंत चरतं, त्यामुळे जिथे खाणं तिथे अस्वल. सप्टेंबरमध्ये पांढऱ्या ओकची फळं आधी गळतात आणि गोड असल्याने लगेच संपतात. लाल ओकच्या फळांत टॅनिन हे तुरट द्रव्य जास्त, ती कडू लागतात, म्हणून जमिनीवर उशिरापर्यंत पडून राहतात. नोव्हेंबरअखेरच्या शिकारीसाठी लाल ओक आणि बीच या झाडांचे डोंगर पाहून ठेवायचे ते यासाठी. बीचच्या गुळगुळीत करड्या सालीवर चढताना उमटलेले नखांचे ओरखडे वर्षानुवर्षं टिकतात. ओरखडा काळा पडलेला, कडा फुगलेल्या असतील तर तो जुना. कडा ताज्या नि फिक्या असतील तर यंदाचा. झाडाच्या शेंड्याला आत ओढून मोडलेल्या फांद्यांचा गुंता दिसला, खाली फोलपटं आणि फळांच्या तुकड्यांनी भरलेली काळपट विष्ठा सापडली, तर ती जागा नकाशावर टिपून ठेवा. पुढच्या पंजाचा ठसा चार-साडेचार इंच रुंद असेल तर मोठं जनावर, पाच इंचांच्या पुढे गेला तर फारच मोठं. उगाच नव्हे, २०१० मध्ये मनरो काउंटीत मारलेलं अस्वल ८७५ पौंडांचं निघालं.

बंदुकीचा मुख्य हंगाम थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या सणाच्या) आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि मंगळवारी संपतो. त्याआधी ऑक्टोबरात धनुष्यबाणाचे आणि ठासणीच्या बंदुकीचे दिवस असतात, नंतर काही विभागांत हरणाच्या हंगामाबरोबर मुदत वाढवतात. तारखा दर वर्षी विभागवार पाहाव्या लागतात. या चार दिवसांत जंगलात हजारो माणसं शिरतात, आणि अस्वल उघड्या रानातून उठून गर्द झाडीत शिरतं: माउंटन लॉरेल नि ऱ्होडोडेंड्रॉनची दाट झुडपं, दलदल, तोड झालेल्या जंगलात माजलेली काटेरी झुडपं. पोटुशी मादी तर तोवर गुहेत गेलेलीही असते. म्हणूनच तुमचे सहकारी बहुधा हाका घालत असतील. काही जण खिंडीत, ओढ्याच्या तोंडाशी किंवा झाडी जिथे निमुळती होते तिथे बसतात, बाकीचे एका रांगेत झाडीतून चालत येतात. एका टोळीत जास्तीत जास्त २५ माणसं चालतात. तुम्ही बंदूक न घेता नुसते हाकाऱ्या म्हणून चालणार असाल तरी कायद्याच्या नजरेत ती शिकारच आहे, परवाना लागतोच.

तरीही पहिलं वर्ष हाकाऱ्या म्हणूनच काढा असं आम्ही सुचवू. रान कळतं, अस्वल कुठून फुटतं ते कळतं, आणि गोळी झाडण्याची घाई होत नाही. बसायला सांगितलंच तर आपल्या बारासाठी डावी आणि उजवी हद्द एखाद्या झाडावरून ठरवून घ्या. त्या हद्दीबाहेर आणि हाकाऱ्यांच्या दिशेला बार काढायचा नाही, समोरून कितीही मोठं सावज गेलं तरी. हाका संपल्याची हाळी येईपर्यंत जागा सोडायची नाही. डोकं, छाती आणि पाठ मिळून किमान २५० चौरस इंच झगझगीत नारिंगी कापड अंगावर हवं आणि ते चहूबाजूंनी दिसायला हवं. नुसती नारिंगी टोपी पुरत नाही. वस्ती असलेल्या घरापासून १५० यार्डांच्या आत बंदूक चालवता येत नाही. झाडावरच्या मचाणावर बसणार असाल तर पाय जमिनीवरून उचलण्याआधी हार्नेस, म्हणजे पडण्यापासून वाचवणारा पट्टा, बांधा. बंदूक पाठीला अडकवून चढू नका, रिकामी करून दोरीने वर ओढून घ्या. मचाणावरच्या माणसाला अस्वलापेक्षा शिडीचं भय जास्त.

बंदुकीवर इथे लोक तासन् तास वाद घालतात. आमच्या मते तो वेळ वाया जातो. थ्री-झिरो-एट किंवा थर्टी-ऑट-सिक्स बोअरची, हाताने खटका ओढायची बोल्ट रायफल, १५० ते १८० ग्रेन वजनाची, आत शिरल्यावर फुटून विखुरणार नाही अशी गोळी, एवढं कोणत्याही काळ्या अस्वलाला पुरतं. मोठ्या जनावरासाठी सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढची गोळी आपोआप चढवणारी रायफल पेनसिल्व्हेनियात चालत नाही, मित्राची तशी असेल तर ती नको. दुर्बीण कमी ताकदीची घ्या, दोनपट-चारपट पुरे. गर्द झाडीत तीस-चाळीस यार्डांवर नऊपट दुर्बिणीतून फक्त काळा केसाळ ठिपका दिसतो, तो खांदा की ढुंगण हे कळत नाही.

परवाना आल्यावर रेंजवर जा. टेबलावर वाळूच्या पिशव्या ठेवून १०० यार्डांवर नेम जुळवून घ्या, मग टेबल सोडून द्या. आठ इंचांची कागदी थाळी ५० यार्डांवर लावा आणि बसून, गुडघा टेकून, उभं राहून मारा, नोव्हेंबरात घालणार तोच जाड कोट अंगात घालून. उन्हाळ्यात टी-शर्टवर खांद्याला बरोबर बसलेली रायफल कोटावर पुढे सरकते आणि डोळा दुर्बिणीपासून लांब जातो. ज्या अंतरावर पाचांपैकी पाच गोळ्या थाळीत जातात तेच तुमचं अंतर. ते ६० यार्ड निघालं तर साठच.

गोळी कुठे मारायची? हरणाची चित्रं पाहून शिकलेला माणूस अस्वलाला फार खाली मारतो. लांब केस आणि चरबी छातीखाली लोंबत असतात, त्यामुळे डोळ्याला दिसणारी खालची रेघ ही शरीराची खरी रेघ नसतेच. शिवाय काळ्यावर काळं, खांद्याची कड दिसत नाही. म्हणून अस्वल पूर्ण आडवं होईपर्यंत थांबा. जवळचा पुढचा पाय त्याने पुढे टाकला की बरगड्या उघड्या पडतात. त्या पायाच्या मागच्या कडेला लागून, अंगाच्या उंचीच्या मध्याच्या किंचित खाली नेम धरा. तिथे दोन्ही फुप्फुसं मिळतात. तुमच्यापासून तिरकं दूर जात असेल तर गोळी पलीकडच्या खांद्यातून बाहेर पडेल असा नेम धरा. समोरून तोंड करून असेल, पाठमोरं असेल, पळत असेल, तर नाही. डोक्यावर तर कधीच नाही. कवटी उतरती असते आणि जबडा फुटलेलं अस्वल उपाशी मरतं.

त्याआधी जनावर कोणतं ते बघा. कान डोक्याच्या मानाने मोठे, उभे, जवळजवळ दिसले तर ते पोर आहे. कान लहान, दोन बाजूंना फाकलेले, डोकं रुंद, पोट जमिनीकडे झुकलेलं असेल तर प्रौढ. पिल्लं आईच्या मागे बऱ्याच अंतरावरून येतात, म्हणून एकटं अस्वल दिसलं तरी वेळ मिळत असेल तर थांबून मागची झाडी पाहा. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात दोन वर्षांखालचं पिल्लू आणि त्याच्यासोबतचं कोणतंही अस्वल मारायला बंदी आहे. पेनसिल्व्हेनियाचा नियम तितका कडक नाही, पण पिल्लांची आई मारू नये हे आमचं मत आहे.

बार झाला की आधी दुसरी गोळी चढवा. अस्वल कुठे उभं होतं आणि शेवटचं कुठे दिसलं, ही दोन झाडं लक्षात ठेवा आणि कान देऊन ऐका. फुप्फुसं फुटलेलं अस्वल कधी कधी मरताना लांब, घोगरा हुंदका देतं. अर्धा तास जागेवरून हलू नका. गोळी पोटात लागल्याचा संशय असेल तर सहा-आठ तास. अस्वलाच्या मागावर रक्त कमी मिळतं, त्याला कारण आहे: चरबी जखमेचं तोंड बुजवते आणि उरलेलं रक्त दाट केस स्पंजासारखं शोषून घेतात. म्हणून जमिनीपेक्षा झुडपांच्या पानांवर, अंगाच्या उंचीला लागलेले डाग शोधा. माग तुटला तर साखळीवर धरलेला माग काढणारा कुत्रा पेनसिल्व्हेनियात चालतो, तशी माणसं आधीच माहीत करून ठेवा. अंधारात एकट्याने लॉरेलच्या जाळीत शिरू नका. पडलेल्या अस्वलाजवळ डोक्याच्या मागच्या बाजूने जा, बंदूक भरलेलीच ठेवा, आणि लांब काठीने डोळ्याला स्पर्श करा. डोळा मिटला तर ते जिवंत आहे.

जनावर हलवण्याआधी परवान्याबरोबर मिळालेली चिठ्ठी (टॅग) भरून कानाला बांधायचा. २४ तासांच्या आत ते गेम कमिशनच्या तपासणी केंद्रावर न्यावं लागतं. तिथे वजन करतात आणि वय काढायला एक लहान दात काढून घेतात. नेणं सोपं नसतं. अस्वलाला धरायला शिंगं नसतात, आणि दोनशे पौंडांचं जनावर पाण्याने भरलेल्या पोत्यासारखं प्रत्येक खड्ड्यात बसतं. चार माणसं आणि बर्फावरची प्लास्टिकची घसरगाडी लागते. ज्या दरीतून वर काढता येणार नाही तिथे बारच काढू नका.

मटण खराब होतं ते उष्णतेने. जाड कातडं आणि त्याखालची चरबी हे रजईचं काम करतात, बाहेर गारठा असला तरी मांडीच्या हाडाशी मांस आंबायला लागतं. हातमोजे घालून आतडी जागेवरच काढा, मूत्राशय आणि आतडं फुटू देऊ नका, पोटात बर्फाच्या पिशव्या भरा. तपासणी झाली की त्याच दिवशी कातडं उतरवा आणि मांस ४० फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ४ सेल्सिअसच्या खाली आणा. चरबी लवकर खवट होते, ती तासून वेगळी करा. पित्ताशय कुणी विकत मागितलं तर सरळ नाही म्हणा. नखं-दात आठवण म्हणून भारतात नेण्याचा विचार सोडा, काळं अस्वल साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि विमानतळावर ते भारी पडेल.

आता बायकोचा प्रश्न. खाता येतं, चवीला जाड धाग्याच्या गोडसर मांसासारखं लागतं, पण त्यात ट्रिकिनेला नावाच्या कृमीच्या अळ्या असू शकतात. डुकराच्या मांसातल्या अळ्या ठरावीक दिवस गोठवून मरतात, पण अस्वलात सापडणारी या कृमीची थंड प्रदेशातली जात फ्रीझरला दाद देत नाही. २०२२ मध्ये साउथ डकोटात एका कुटुंबाच्या मेळाव्यात कॅनडातल्या सस्कॅचवानमधून आणलेल्या अस्वलाचे कबाब झाले. मांस ४५ दिवस गोठवलेलं होतं. रंग गडद असल्याने कबाब कच्चे राहिलेत हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. सहा जण आजारी पडले, आणि त्यांतल्या दोघांनी मांसाला हातही लावला नव्हता, त्याच सळ्यांवरच्या भाज्या फक्त खाल्ल्या होत्या. तुमच्याकडे कुणी शाकाहारी पाहुणा येत असेल तर हे लक्षात ठेवा.

म्हणून रंगावर जाऊ नका, थर्मामीटर वापरा. तुकड्याच्या ऐन मध्यात १६५ फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस, यायलाच हवं. धुरावर सुकवणं, मीठ लावून वाळवणं, लिंबात मुरवणं यांवर भरवसा नको. सीख कबाब, तंदूर, अर्धवट भाजलेला स्टेक घरात करूच नका. आपल्याकडचा प्रेशर कुकर इथे सगळ्यात भरवशाचा: दीड इंचाचे तुकडे, कांदा-खोबऱ्याचं वाटण, काळा मसाला, आणि बकऱ्याच्या मटणाला देता त्याहून दोन-तीन शिट्ट्या जास्त. तेवढ्या उष्णतेत अळी टिकत नाही आणि चिवट खांद्याचं मांसही सुटतं. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट कोशिंबिरीपासून लांब ठेवा, आणि मिठाचा अंदाज घ्यायला कच्चं वाटण-मांस जिभेला लावू नका. फ्रीझरमध्ये ठेवताना एका वेळेपुरती पाकिटं करा, आणि प्रत्येकावर तारीख नि ‘अस्वल, पूर्ण शिजवणे’ असं मराठीत आणि इंग्रजीत लिहा, म्हणजे मार्चमध्ये तुम्ही घरी नसताना कुणी ते बकऱ्याचं मटण समजून तव्यावर टाकणार नाही.